मुलाचा कान ठणकतो तेव्हा



पावसाळा सरून थंडी पडू लागली, की घरोघरी मुलांना सर्दी होते. दोन दिवस नाक वाहते आणि तिसऱ्या रात्री मूल एकाएकी रडत उठते. बोलता येत असेल तर कान धरून “दुखतंय” म्हणते. तान्हे असेल तर नुसतेच किंचाळते. दूध ओढायला जाते आणि लगेच सोडून देते. मग घरात धावपळ होते. आजी लसूण टाकून तेल तापवते, कोणी मागच्या वेळची उरलेली बाटली शोधते, आणि उजाडताच बाप मुलाला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठतो. “डॉक्टर, काहीतरी जोराचे औषध द्या,” ही त्याची पहिली मागणी.

पुढे कधी असेच एखादे मूल कानातून पू गळत गावभर हिंडत असते. उशीवर पिवळे डाग पडतात, जवळ बसले तर वास येतो. पण ते रडत नाही, त्याला ताप नाही, म्हणून त्याची विचारपूस कोणी करीत नाही. “लहानपणी कान वाहतातच, मोठेपणी राहील,” एवढ्यावर तो विषय संपतो.

आपली ही घाई आणि हा धीर, दोन्ही चुकीच्या जागी पडतात. ठणकणारा कान बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप शांत होतो. न दुखता महिनोन् महिने वाहणारा कान मात्र ऐकू येणे कमी करतो. पहिल्याला नेहमीच प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते औषध, लागते असे नाही. दुसऱ्याला औषध लागतेच, पण ते वेगळ्या तऱ्हेचे. हे कसे, ते आता पाहू.

बाहेरून दिसते ती कानाची पाळी आणि भोक. भोकातून आत बोळकांडीसारखी एक वाट जाते आणि पडद्यापाशी थांबते. या पडद्यापलीकडे जेमतेम चिंचोक्याएवढी पोकळी आहे, तो मधला कान. त्यात तीन इवलीशी हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. रिकीब तर आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड. पडदा थरथरला की ही हाडे हलतात आणि आवाज आतल्या कानाकडे पोहोचवतात.

या मधल्या कानाला मागच्या बाजूने आणखी एक दार आहे. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एस.टी. घाट चढू लागली की आपल्या कानात दडे बसतात, आणि आवंढा गिळला किंवा जांभई दिली की कान मोकळे होतात. तो सारा या नळीचा खेळ. मोठ्या माणसाची ही नळी सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या मुलाची नळी जवळजवळ निम्मी आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली, नळी सुजून बंद पडली, की मधल्या कानात पाणी साठते आणि नाकातले जंतू त्या साठलेल्या पाण्यात वाढतात. पू होतो, पडदा ताणला जातो आणि ठणका लागतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा त्रास सर्वांत अधिक दिसतो. सहा-सात वर्षांनंतर नळी लांब व उतरती होत जाते आणि दुखणेही विरळ होते.

तेव्हा कान दुखणे हे पुष्कळदा नाकातून सुरू झालेले दुखणे असते. कानात वारा शिरला, डोक्यावरून पाणी घेतले, म्हणून ते झालेले नसते.

आता ओळखायचे कसे? इथेच खरी मेख आहे. कान दुखतो म्हणजे मधलाच कान सुजला, असे नव्हे. दाढ किडली, घसा सुजला तरी कळ कानात मारते. बाहेरच्या वाटेत फोड आला किंवा कानकोरण्याने ओरखडा पडला तरी कान दुखतो. त्याची एक साधी खूण आहे: कानाची पाळी हलकेच ओढली, किंवा भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबला, आणि मूल कळवळले, तर दुखणे बहुधा बाहेरच्या वाटेत आहे. तान्ही मुले दात येताना, झोप आली असताना, कित्येकदा उगीचच कान ओढतात. नुसत्या कान ओढण्यावरून काही ठरत नाही.

ठरते ते पडदा पाहून. डॉक्टरांजवळ भिंग व दिवा बसवलेले छोटे उपकरण असते, त्याला ऑटोस्कोप म्हणतात. त्यातून निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि थोडा पारदर्शक दिसतो, त्यावर प्रकाशाची एक तिरीप चमकते. मधल्या कानात पू झाला की हाच पडदा तव्यावरच्या भाकरीसारखा बाहेर फुगून येतो. हा फुगवटा ही सर्वांत भरवशाची खूण. पडदा लाल दिसणे ही त्या मानाने कच्ची खूण आहे, कारण मूल जोराने रडले किंवा त्याला ताप असला तरी पडदा लाल होतो. काही डॉक्टर रबरी फुग्याने कानात हलकेच हवा सोडून पडदा हलतो का, ते पाहतात. मागे पाणी किंवा पू असला तर तो नीट हलत नाही. कानात मळ असेल तर तो काढल्याखेरीज यातले काहीच दिसत नाही.

मूल रडते, हातपाय झाडते, बाहेर रोगी खोळंबलेले असतात. अशा वेळी कानात न डोकावता औषध लिहून मोकळे होणे सोपे असते. परंतु तुम्ही आग्रह धरा. “डॉक्टर, पडदा पाहिलात का? फुगलाय का?” एवढे विचारायला संकोच नको. मूल मांडीवर घ्यावे, एका हाताने त्याचे दोन्ही हात छातीशी धरावेत, दुसऱ्या हाताने डोके आपल्या छातीला टेकवून धरावे. मग पाहायला अर्धा मिनिटही पुरतो.

पडदा फुगलेला आहे, असे ठरले. आता तरी अँटिबायोटिक लगेच द्यायचेच का? इथे युरोपातल्या हॉलंड देशाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. तिथल्या गावोगावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांवरील ४८६० मुलांना पहिले तीन-चार दिवस फक्त वेदना कमी करणारे औषध आणि नाकात घालायचे थेंब दिले, अँटिबायोटिक दिले नाही. हा अहवाल १९८५ साली छापून आला. शंभरातली नव्वदाहून अधिक मुले काही दिवसांतच बरी झाली होती. पुढे निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही असेच दिसले. औषध दिले काय आणि न दिले काय, पहिल्या चोवीस तासांत शंभरातल्या सुमारे साठ मुलांचा ठणका थांबतो. दोन-तीन दिवसांनंतर थोडा फरक दिसतो: वीस मुलांना अँटिबायोटिक द्यावे तेव्हा त्यांतल्या एका जादा मुलाचे दुखणे थांबते. आणि चौदा मुलांना द्यावे तेव्हा एकाला त्या औषधापायीच जुलाब, ओकारी किंवा अंगावर पुरळ असा त्रास होतो.

यावरून अँटिबायोटिक निरुपयोगी असे मात्र समजू नका, बरे का! काही मुलांना ते दिलेच पाहिजे. सहा महिन्यांच्या आतले मूल. दोन वर्षांच्या आतले आणि दोन्ही कान सुजलेले मूल. ताप १०२ अंशांच्या वर गेलेला, किंवा ठणका फार तीव्र किंवा दोन दिवसांहून अधिक टिकलेला. कानातून पू आलेला. अशांच्या बाबतीत वाट पाहत बसू नये. याउलट दोन वर्षांवरील मूल असेल, ताप बेताचा, दुखणे सोसण्याजोगे, तर डॉक्टर दोन-तीन दिवस थांबा म्हणतील. त्यांनी औषध दिले नाही म्हणून त्यांना कमी लेखू नका. मुलाला पारखून मग थांबा म्हणणारा डॉक्टर मला तरी जास्त विश्वासाचा वाटतो. मात्र थांबायचे तर पुन्हा येता आले पाहिजे. तुमच्या वाडीवरून दिवसाला एकच गाडी असेल, मध्ये ओढा आडवा येत असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते चिठ्ठी लिहून देऊ शकतात, की अठ्ठेचाळीस तासांत उतार पडला नाही किंवा दुखणे वाढले तरच हे औषध सुरू करा.

थांबायचे म्हणजे मुलाला रडत ठेवायचे, असेही नाही. ठणक्यावर पॅरासिटामॉल द्यावे, आणि अँटिबायोटिक सुरू केले तरी द्यावे, कारण पहिल्या दिवशी वेदना कमी करते ते हेच. याचे माप मुलाच्या वजनावर असते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. याची तान्ह्यांसाठीची थेंबांची बाटली मोठ्या मुलांच्या पातळ औषधापेक्षा पुष्कळ तीव्र असते; एकीचे माप दुसरीला लावू नका. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. आणि ते लसणीचे तापवलेले तेल? पडदा फुटलेला आहे की नाही हे आपल्याला घरी दिसत नाही. फुटलेल्या पडद्यातून तेल सरळ मधल्या कानात जाते, शिवाय तेल अधिक तापले तर कातडी भाजते. आजीचा जीव मुलावर आहे यात शंका नाही, पण ते तेल भाजीच्या फोडणीला वापरावे.

अँटिबायोटिक द्यायचे ठरले, तर बहुधा पहिले नाव येते ते अमॉक्सिसिलिनचे. हे पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला, आणि आपल्याकडे ते पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ सालापासून तयार होऊ लागले. त्याआधी मधल्या कानातला पू कानामागच्या हाडात शिरला, तर ते हाड कोरून काढण्याखेरीज फारसा इलाज नसे, आणि तिथून तो मेंदूकडे सरकला तर मूल दगावत असे. ते दिवस पालटले, ते या औषधांमुळे. परंतु फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना इशारा दिला होता, की हे औषध कोणालाही दुकानात मिळू लागले आणि लोकांनी ते अपुऱ्या मापाने घेतले, तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. आज तसेच झाले आहे. काही जंतू पेनिसिलिन तोडून टाकणारा पदार्थ स्वतःच बनवतात. तेव्हा त्यांच्यासाठी दुसरे औषध जोडीला द्यावे लागते. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ. या रेघेची लोकांना ओळख व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती.

अमॉक्सिसिलिनचे मापही वजनावर ठरते. कानासाठी पुष्कळ ठिकाणी दर किलोला दिवसाचे ८० ते ९० मिलिग्रॅम धरतात आणि त्याचे दोन भाग करून सकाळ-संध्याकाळ देतात. म्हणजे दहा किलोच्या मुलाला दिवसाला ८०० ते ९०० मिलिग्रॅम झाले. हे गणित तुम्ही घरी करावे म्हणून सांगत नाही. थोरल्या बहिणीची उरलेली अर्धी बाटली धाकट्याला का चालत नाही, ते कळावे म्हणून सांगतो. मुलाला पूर्वी अशा औषधाने पुरळ उठले असेल किंवा धाप लागली असेल, तर ते आधी सांगावे.

हे औषध बहुधा कोरड्या पुडीच्या रूपात बाटलीत मिळते. त्यात उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचे असते. पाणी जास्त पडले तर औषध पातळ झाले, कमी पडले तर तीव्र. प्रत्येक वेळी बाटली हलवूनच द्यावी, नाहीतर औषध तळाशी बसते आणि पहिले दिवस मूल नुसते गोड पाणी पिते. माप घरच्या चमच्याने न घेता बाटलीबरोबरच्या झाकणाने किंवा पिचकारीने घ्यावे. कालवलेले औषध लेबलावर लिहिलेल्या दिवसांनंतर फेकून द्यावे.

किती दिवस द्यायचे, तेही वयावर आणि दुखण्यावर अवलंबून असते. पाच दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत. २०१६ साली अमेरिकेत दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर एक चाचणी झाली. दहा दिवस औषध घेतलेल्यांत शंभरातल्या १६ मुलांना गुण आला नाही, पाच दिवसांनी थांबवलेल्यांत ३४ मुलांना. म्हणून “ताप उतरला, आता कशाला” म्हणून मधेच बाटली फडताळात ठेवू नका. दोन-तीन दिवस औषध देऊनही उतार नसेल, तर पुन्हा दाखवा. कदाचित औषध बदलावे लागेल. आणि कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, मूल सुस्तावले, वारंवार ओकू लागले, मान ताठ झाली किंवा चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

कधी कधी ठणका एकदम थांबतो आणि उशी भिजते. पडदा फुटून पू बाहेर आलेला असतो. घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. असा फुटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप सांधतो. मात्र वाहणे दोन आठवड्यांच्या पुढे गेले, तर ते जुनाट दुखणे समजावे. आता आपण त्या दुर्लक्षित मुलाकडे आलो.

अशा कानाला पोटातून घ्यायच्या गोळ्यांचा फार उपयोग होत नाही. लागते ते कान कोरडा करणे आणि कानात अँटिबायोटिकचे थेंब घालणे. मऊ सुती कापडाचा तुकडा उकळून, उन्हात वाळवून घ्या. त्याची समईला करतो तशी वात वळा. ती हलकेच कानात धरा, भिजली की काढून टाका, नवी घ्या. कान कोरडा होईतो असे करा. दिवसातून तीन वेळा. वात आत ठेवून द्यायची नाही, आणि काडी, पिन किंवा कापूस गुंडाळलेली काडीही घालायची नाही. कोरडे केल्यावर मग डॉक्टरांनी दिलेले थेंब, बहुधा दोन आठवडे. थेंब सगळे सारखे नसतात, बरे का! काही जातीचे थेंब फुटक्या पडद्यातून आतल्या कानात गेले तर ऐकण्याची शक्तीच कमी करतात. म्हणून दुकानदाराने पुढे केलेली बाटली घेऊ नये. कान वाहत असेतो विहिरीत, कालव्यात पोहणे बंद. आंघोळीपुरता कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा आणि नंतर काढावा. पू थोडाच पण फार घाण वासाचा असेल, तर कानाच्या तज्ज्ञाला दाखवायलाच हवे. त्यात हाड खाणारा एक रोग असू शकतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. इतरांचेही न सांधलेले पडदे शस्त्रक्रियेने सांधता येतात.

अशी दुखणी टाळण्याचे उपाय थोडक्यात सांगतो. बाळाला अंगावर पाजावे, बाटलीने निजवून पाजू नये, चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून दूर ठेवावे. न्यूमोकॉकस या जंतूवरची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर मिळू लागली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांना ती द्यावी.

आता गुरुजींना आणि बाईंना दोन शब्द. कान न दुखता, न वाहताही मधल्या कानात चिकट पाणी साठून राहते. सर्दीनंतर हे पुष्कळांना होते आणि बहुधा तीन महिन्यांत ओसरते. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण तेवढे दिवस मुलाला कानात बोटे घातल्यासारखे ऐकू येते. ते “काय?” म्हणून पुन्हा विचारते, शेजाऱ्याच्या पाटीत पाहून लिहिते, शुद्धलेखनात ‘स’ आणि ‘श’ यांची गल्लत करते. वर्गात त्याला ‘ढ’ हे नाव पडायला वेळ लागत नाही. असा संशय आला, तर मुलाच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घ्या, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. ज्या बाजूला ते वळत नाही, तो कान तपासून घ्यायला पालकांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरहून झाला. त्याचे पथक शाळांतून येते आणि कान तपासणे हे त्याच्या कामांतच मोडते. त्या दिवशी वाहत्या कानाची मुले लाजून घरी राहतात, तेव्हा त्यांची नावे आधीच लिहून ठेवा आणि त्यांना मुद्दाम बोलावून घ्या. आणि इलाज चालू असेतो त्या मुलाला पहिल्या ओळीत बसवा, चांगला कान तुमच्याकडे येईल अशा बाजूला.